चौथ्या टेबलावरची पेशी

सकाळी सातला काकांनी कांदा चोरला. घर त्यांचं, कांदा त्यांनीच बाजारातून आणलेला, तरी याला चोरीच म्हणायला हवं. कारण तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला, त्यावर डबा ठेवला, डब्यावर छत्री ठेवली आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बूट घालायला बसले.

"अहो, इथे तीन कांदे होते," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"असतील."

"असतील नाही, होते. आता दोनच आहेत."

"मग दोनच असतील. मी काय कांद्यांवर पहारा देतो का?"

काकूंनी बाहेर येऊन नवऱ्याकडे नीट पाहिलं. गेले आठ दिवस हा माणूस घरात तोंड मिटून वावरत होता. जेवताना "कांदा हवा का?" असं विचारलं तरी घाबराघुबरा होऊन मुलीकडे बघायचा आणि ताटात मान घालायचा. आता वयोमानानं असं होत असेल, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खरी गोष्ट अशी की काका हे कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे बरण्या पुसल्या, बेडकांचे सांगाडे सांधले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा तयार केल्या. सगळं कॉलेज त्यांना काका म्हणायचं. प्राचार्यही म्हणायचे, आणि प्राचार्य त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते. आज शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. चौथ्या टेबलावर कांद्याच्या सालीतली पेशी ओळखायला ठेवायची, हे जगात दोघांनाच माहीत होतं: जीवशास्त्राच्या बाईंना आणि काकांना. आणि परीक्षेला बसणाऱ्यांत काकांची मुलगी होती.

तिला घरात भिंगरी म्हणत. बापाला पिशवीत कांदा टाकताना तिनं पाहिलं असतं तर चौथ्या टेबलावर काय आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं असतं. मग उद्या कोणीही उठून म्हणायला मोकळा, की बापानंच पेपर फोडला. म्हणून ही सगळी उठाठेव. कॉलेजात भिंगरीनं बापाला बाबा म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं काकाच म्हणायचं, हाही काकांचाच नियम होता.

बाकी काकांना पोरीची काळजी काही कमी नव्हती. भिंगरीला प्रयोगशाळेचं काम शिकवणाऱ्या पुढच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं आणि त्यासाठी प्रात्यक्षिकात तीसपैकी पंचवीस गुण लागत होते. चोवीस मिळाले तर घरी बसायचं. पाठांतराच्या नावानं तिची बोंब होती, पण डोळा असा की काचेखाली काही ठेवा, ती ते बरोब्बर सांगणार. सहा टेबलं, प्रत्येकी पाच गुण. पोरगी निघेल पार, असा काकांना विश्वास होता. विश्वास होता आणि रात्रभर झोप नव्हती, दोन्ही एकदम.

प्रयोगशाळेत पोचल्यावर काकांनी कांदा चिरला, आतल्या पाकळीची पातळ साल चिमट्यानं अलगद सोलली आणि वॉचग्लासमध्ये, म्हणजे घड्याळाच्या काचेसारख्या उथळ वाटीत, पाण्यावर तरंगत ठेवली. काच पुसली. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला, आयोडीनचा थेंब टाकला. आता चिमट्यानं साल उचलून थेंबात ठेवायची, वर पातळ झाकणकाच टाकायची, की झालं. हे काम काका झोपेतही करू शकले असते. चिमटा हातात घेतला, तेवढ्यात बाई धावत आल्या.

"काका, तिसऱ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा हलतोय! आणि बाहेरचे परीक्षक आले. गाडीतून उतरतायत. आणि दुसऱ्या टेबलावरची चिठ्ठी कुठाय?"

बाई हुशार होत्या, पण परीक्षेच्या दिवशी त्यांचा पाय जमिनीला लागत नसे. काकांनी चिमटा ठेवला, आरशाखाली कागदाची घडी सरकवली, चिठ्ठी शोधून दिली आणि परत चौथ्या टेबलाशी आले. काचेवर थेंब तयार होता. त्यांनी त्यावर झाकणकाच टाकली, कडेचं पाणी टिपकागदानं टिपलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"फोकस मी करते, तुम्ही खुर्च्या बघा," असं म्हणून बाईंनी डोळा लावला आणि चक्र फिरवायला सुरुवात केली. आधी सगळं पुसट होतं, मग काहीतरी गोल, काळ्या कडेचं, एकदम स्पष्ट झालं. "आहाहा! किती स्वच्छ आलंय!" बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे पळाल्या.

परीक्षक गंभीर गृहस्थ होते. बावीस वर्षं मोठ्या कॉलेजात शिकवत होते आणि त्यातली पंधरा वर्षं फक्त खडूनं. फळ्यावर पेशी काढावी तर त्यांनीच. त्यांनी प्रत्येक टेबलाची तपासणी केली. चौथ्या टेबलाशी आल्यावर चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा घट्ट मिटला, दुसरा नळीला लावला आणि क्षणभर थांबून मान डोलावली.

"वा! पेशीभित्तिका कशी ठसठशीत दिसतेय. कोणी केलंय हे?"

"आमच्या काकांनी," बाई अभिमानानं म्हणाल्या.

"हात आहे हं तुमचा, काका! असं काम आता बघायला मिळत नाही."

काकांनी लाजून मान खाली घातली. सव्वीस वर्षांत परीक्षकांनी इतकं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं.

सकाळच्या तुकडीत अठरा विद्यार्थी होते. एकेका टेबलावर तिघं, दहा मिनिटांनी घंटा, मग पुढचं टेबल. चौथ्या टेबलावर आलेले आधी चिठ्ठी वाचायचे: 'ओळखा, आकृती काढा, भागांना नावं द्या.' मग कांद्याचा वास यायचा, कारण काकांनी कांदा तिथेच चिरला होता. मग ते शिष्टाचार म्हणून नळीला डोळा टेकवायचे आणि लगेच पेन्सिल उचलायचे. अठराच्या अठरा जणांनी कांद्याची पेशी काढली. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, केंद्रक, रिक्तिका, सगळं जिथल्या तिथे. बऱ्याच जणांनी तंतुकणिकाही काढल्या, आतल्या घड्यांसकट. त्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून सात जन्मांत दिसल्या नसत्या. एका उत्साही मुलानं तर हिरवी पेन्सिल काढून हरितलवकंही रंगवली. कांद्याच्या सालीत ती नसतात, पण पेन्सिल नवी होती.

मधल्या सुट्टीत काका सकाळी घाईत सिंकपाशी नेऊन ठेवलेली भांडी विसळायला गेले आणि त्यांना वॉचग्लास दिसली. तिच्यात पाणी होतं. पाण्यावर साल तरंगत होती. एकच साल काढली होती आणि ती इथे होती.

मग तिकडे काय आहे? ते चौथ्या टेबलाशी गेले, वाकले, डोळा लावला. आयोडीनच्या पिवळट पाण्यात तीन हवेचे बुडबुडे होते. एक मोठा, दोन लहान. तिघंही अगदी सुरेख फोकसमध्ये.

काका सरळ माणूस. त्यांनी सरळ बाईंना गाठलं. "बाई, चौथ्या टेबलावर जरा घोटाळा झालाय."

"घोटाळा कसला, काका?" बाई घास गिळत म्हणाल्या. "सर इतके खूश आहेत! म्हणाले, असं काम आमच्याकडेही होत नाही. मी लगेच प्राचार्यांना सांगून आले. ते म्हणाले, काकांच्या निवृत्तीच्या भाषणात हे घालायचंच."

"पण बाई, ती साल..."

"सालच तर! सर म्हणाले, इतकी पातळ साल त्यांनी आयुष्यात पाहिली नाही."

साल पातळ होती हे खरंच होतं. इतकी पातळ की नव्हतीच.

काकांनी ठरवलं, मुकाट्यानं काच बदलून टाकू. निदान दुपारच्या तुकडीला तरी खरी पेशी मिळेल, आणि दुपारच्या तुकडीत भिंगरी होती. त्यांनी नवी काच केली. या वेळी साल टाकली, दोनदा बघितली, रुमालाखाली झाकून चौथ्या टेबलाकडे निघाले. तर तिथे परीक्षक डबा उघडून बसलेले. पंखा नेमका त्याच टेबलावर होता.

"हात नका लावू हं काका," परीक्षक म्हणाले. "जमून आलंय ते."

"पाणी सुकलं असेल सर. जरा ताजी काच..."

"मी आत्ताच पाहिलं. केंद्रक अजून डोळ्यांत भरतंय. उगाच छेडछाड नको. एकदा फोकस गेला की गेला."

काका रुमालाखालची काच घेऊन तसेच मागे फिरले. खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण ज्या माणसानं सकाळी आपलं तोंडभरून कौतुक केलं, आणि आता घास तोंडात घालता घालता पुन्हा केलं, त्याला "साहेब, तुम्ही बुडबुड्याकडे बघताय" असं कसं सांगायचं, हे काकांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारची तुकडी आत आली. भिंगरीनं बापाकडे ठरल्याप्रमाणे बघितलंही नाही. ती दुसऱ्या टेबलापासून सुरू झाली, म्हणजे तिसऱ्या फेरीत चौथ्यावर येणार. काका पहिल्या दोन फेऱ्यांत सात वेळा त्या टेबलाकडे गेले. सातही वेळा परीक्षक तिथेच, पंख्याखाली. सहा जणांनी सहा पेशी काढल्या आणि पुढे गेले. मग घंटा झाली.

भिंगरी चौथ्या टेबलावर आली. तिच्याबरोबरच्या दोघांनी चिठ्ठी वाचून थेट पेन्सिल चालवायला घेतली. ती मात्र स्टुलावर बसली, चक्र थोडं इकडे फिरवलं, थोडं तिकडे, काच हळूच सरकवून चारी कोपरे बघितले. मग तिनं हात वर केला.

"मॅडम, यात पेशी नाहीये."

काका लांबून जोरात खोकले. तो खोकला असा होता की दोन मुलांनी त्यांना पाणी आणून दिलं.

"परीक्षेत बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, काचेवर..."

"अगं, बोलायचं नाही म्हटलं ना? जे दिसतं ते काढ."

"जे दिसतं तेच?"

"नाहीतर काय, माझा फोटो काढणार? दिसतं तेच काढ!"

भिंगरी वाकली आणि तिनं तीन गोल काढले. एक मोठा, दोन लहान, जाड काळ्या कडेचे. बाण काढून 'हवेचा बुडबुडा' असं तीनदा लिहिलं. मोकळ्या जागेला 'पाणी व आयोडीन' असं नाव दिलं. खाली लिहिलं: 'काचेवर ऊती नाही. पेशीचे भाग दाखवता येत नाहीत.' सहा मिनिटांत तिचं काम झालं आणि ती शांतपणे हाताची घडी घालून बसली. काकांना लांबूनही ते तीन गोल दिसले. एवढी खरी पोर आपल्या पोटी का आली, असं त्यांना एक क्षण वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी छाती भरून आली.

घंटा झाली, भिंगरी पाचव्या टेबलावर गेली आणि नेमका तेव्हाच परीक्षकांचा फोन वाजला. ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले. बाई तिसऱ्या टेबलाचा आरसा धरून उभ्या होत्या. दिवसभर ज्या संधीची वाट बघितली ती समोर आल्यावर माणूस विचार करत नाही. काकांनी जुनी काच काढली, नवी सरकवली, फोकस केला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी समोर उभ्या राहिल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. जुनी काच त्यांनी नियमाप्रमाणे साबणानं धुतली, स्वच्छ पुसली आणि उजेडात धरून पाहिली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या मुलीचं उत्तर बरोबर आहे याचा जगातला एकुलता एक पुरावा आपण आत्ताच साबणानं धुतला.

परीक्षा संपल्यावर परीक्षकांनी तिथेच गठ्ठा घेऊन तपासायला सुरुवात केली. चौथ्या टेबलाचे गुण भराभर पडत होते: चार, पाच, पाच, साडेचार. हरितलवकंवाल्याला रंगकामासाठी पूर्ण पाच. मग त्यांचा हात थांबला.

"हा काय पोरकटपणा आहे? बुडबुडे?" त्यांनी चष्मा काढला. "बाई, ही परीक्षेची चेष्टा आहे!"

बाईंनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही आमच्या काकांची मुलगी, सर. तशी बरी आहे हो अभ्यासात."

परीक्षक उठले, खात्री करून घ्यायला सूक्ष्मदर्शकाशी गेले आणि डोळा लावला. "या, बघा तुम्हीच. पेशी नाही म्हणे! रांगेनं उभ्या आहेत." परत येऊन त्यांनी लाल पेन उचललं. भिंगरीच्या बाकी पाच टेबलांचे मिळून बावीस होत होते. सहाव्या चौकोनात ते शून्य काढणार, इतक्यात काका पुढे आले.

"सर, तिचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

आणि काकांनी सगळं सांगून टाकलं. थेंब, चिमटा, आरसा, वॉचग्लासमधली साल, रुमालाखालची काच, सगळं. तीन महिन्यांवर निवृत्ती आली होती आणि नोकरीतली पहिली चूक ते स्वतःच्या तोंडानं कबूल करत होते.

परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते उठले आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मलाही मुलगी आहे. बापाचं काळीज मला कळतं."

"नाही सर, खरंच साल नव्हती!"

"मी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली."

"मीपण पाहिली," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "मीच फोकस केला, काका. लेकीसाठी स्वतःवर एवढा आळ घेताय तुम्ही!"

"अहो, आळ नाही, मी विसरलो!"

"तुम्ही? विसरलात?" बाई रडता रडता हसल्या. "सव्वीस वर्षांत एकदा तरी विसरलात का?"

एरवी या वाक्यानं काकांना धन्य वाटलं असतं. आत्ता त्यांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आपण प्रामाणिक आहोत म्हणूनच आपलं कोणी खरं मानत नाही, असा हा पेच होता. प्रकरण हाताबाहेर चाललंय असं वाटून बाईंनी प्राचार्यांना बोलावलं. प्राचार्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि प्राचार्यांना शोभेल असा तोडगा काढला.

"काका, आमच्यासमोर एक काच करून दाखवा. हात बघून समजेल, हा माणूस साल विसरू शकतो की नाही."

काकांना हे काही पटलं नाही, पण साहेबांनी सांगितलं. त्यांनी नवी काच पुसली. पाण्याचा थेंब टाकला, आयोडीनचा टाकला. चिमट्यानं साल उचलली. तिघं तीन बाजूंनी वाकून बघत होते. "सावकाश, काका," बाई म्हणाल्या. "बघा, हात कसा सराईत आहे," परीक्षक म्हणाले. "खुर्चीवर बसून करा ना," प्राचार्य म्हणाले. काकांनी तिघांकडे बघून एकेकदा मान डोलावली. चिमटा थेंबाला टेकला, वर आला, काकांनी झाकणकाच टाकली, टिपली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

प्राचार्य पहिले वाकले. ते मूळचे इतिहासाचे. "छान! मला यातलं फारसं कळत नाही, पण पेशी आहे यात वाद नाही."

बाईंनी बघितलं. "केंद्रकसुद्धा दिसतंय, सर."

परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. "उत्कृष्ट," ते म्हणाले. "संपला विषय. हा माणूस साल विसरूच शकत नाही. आता त्या मुलीलाही आत बोलवा, तिच्या मनात काही राहायला नको."

भिंगरी आत आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. ती वाकली, चक्र फिरवलं, काच सरकवली, कोपरे बघितले. मग तिनं मान वर केली आणि टेबलावरच्या चिमट्याकडे बघितलं.

"बाबा, साल चिमट्यालाच राहिलीय."

सगळ्यांनी चिमट्याकडे पाहिलं. त्याच्या टोकाला साल चिकटून लोंबत होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं मजेत हलत होती.

बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला. परीक्षक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघत राहिले. सगळ्यांत आधी सावरले ते प्राचार्य. इतिहासाच्या माणसाला पराभवानंतरच्या तहाचा अनुभव असतो.

"समजा," ते म्हणाले, "मुलीचं बरोबर आहे. तर मग सकाळचे अठरा आणि दुपारच्या पहिल्या फेऱ्यांतले सहा, शिवाय हिच्याबरोबरचे दोघं. किती झाले?"

"सव्वीस," बाई पुटपुटल्या.

"सव्वीस जणांनी जे नव्हतं ते काढलं. हिला पाच द्यायचे तर त्या सव्वीसांना शून्य द्यावं लागेल. उद्या सव्वीस पालक माझ्या दारात. आणि पालक विचारणार, की परीक्षकांनी काच तपासली नव्हती का?"

परीक्षकांना घाम फुटला. पंखा डोक्यावरच होता.

"म्हणजे सत्य काय ते आपल्याला कळलं," प्राचार्य समजुतीनं म्हणाले, "पण ते फार खर्चिक आहे. आकृती नेटकी आहे, अक्षर चांगलं आहे. दोन गुण देऊन टाका. आणि काका, तुमची चूक आम्ही कागदावर आणणार नाही. तुमचंही मिटलं, आमचंही मिटलं."

"बावीस आणि दोन चोवीस होतात, साहेब," काका म्हणाले. "तिला पंचवीस लागतात."

"अरेरे," प्राचार्य मनापासून म्हणाले. "थोडक्यात गेलं."

"साहेब, चूक कागदावर आणा. मेमो द्या, निवृत्तीचं भाषण रद्द करा. पण जिनं बघितलं तिला दोन आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना पाच, हे मला नाही हो बघवत." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं लांबलचक वाक्य ते साहेबांसमोर कधी बोलले नव्हते.

प्राचार्यांनी त्यांची पाठ थोपटली, "भावना समजतात" असं म्हटलं आणि एका बैठकीची आठवण झाल्यानं ते घाईनं निघून गेले. बाईही त्यांच्यामागून गेल्या. परीक्षकांनी सहाव्या चौकोनात दोन लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि गठ्ठा बांधायला घेतला. काका मुकाट्यानं टेबलं पुसू लागले. भिंगरीनं बापाच्या हातातलं फडकं घेतलं.

"राहू द्या बाबा. पुढच्या वर्षी परत बसेन मी."

"पुढच्या वर्षी मी नसेन इथे."

"मग काच बरोबर असेल की हो," ती म्हणाली, आणि त्याही परिस्थितीत दोघं हसली.

परीक्षकांनी दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग कोणी बघत नाही ना, असं दाराकडे बघून ते हळूच म्हणाले, "काका, मला एकदा दाखवाल का?"

"काय, सर?"

"पेशी. खरी."

काकांनी चिमट्याची साल नव्या थेंबात सोडली, भिंगरीनं झाकणकाच टाकली आणि फोकस केला. परीक्षक वाकले. या वेळी ते बराच वेळ तसेच राहिले.

"एवढ्या सगळ्या असतात?" ते आतल्या आत बोलल्यासारखे म्हणाले. "आणि तंतुकणिका कुठेत?"

"या सूक्ष्मदर्शकातून नाही दिसत, सर," भिंगरी म्हणाली.

"पण सगळ्यांनी काढल्यात. मी गुण दिलेत त्याला."

"त्या पुस्तकातल्या आहेत, सर."

परीक्षकांनी खुर्ची ओढली. एक कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि नळीत बघत बघत एक पेशी काढली. रेघ सुंदर होती, बावीस वर्षांचा सराव होता. काढून झाल्यावर कागद त्यांनी नकळत भिंगरीसमोर सरकवला. तिनं तो हातात घेतला, नळीत पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"रेघा छान आहेत, सर. पण केंद्रक तुम्ही मधोमध काढलंय. इथे एकाही पेशीत ते मधोमध नाहीये. सगळ्यांत कडेला सरकलंय, भिंतीला टेकून."

"मधोमधच असतं ते."

"बघा ना, सर."

परीक्षकांनी बघितलं. काच इकडून तिकडे सरकवली, एक पेशी, दुसरी, दहावी. मान वर केली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, भिंगरीची उत्तरपत्रिका काढली, सहाव्या चौकोनातला दोनाचा आकडा डोळ्यांजवळ धरला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"हे दोन गुण कोणी दिले?"

"तुम्हीच, सर," काका चाचरत म्हणाले.

"न बघताच दिले असणार," परीक्षक म्हणाले, आणि दोनावर काट मारून त्यांनी पाच लिहिले.